कुमितेच्या खेळाडूची तयारी: अंतर, वेळ आणि स्पर्धेआधीचे दहा आठवडे

कराटेच्या जिल्हा स्पर्धेत हरलेल्या कुमितेचा, म्हणजे समोरासमोरच्या फाईटचा, मोबाईलवरचा व्हिडिओ उघडा आणि समोरच्याचा पॉइंट पडला त्या क्षणी थांबवा. हात बघू नका, पाय बघा. बहुतेक वेळा दोनच चित्रं दिसतात. एक, आपला खेळाडू समोरच्याच्या टप्प्यात काहीही न करता उभा आहे. दोन, तो टप्प्याबाहेरून किक मारायला गेला, ती वीतभर अलीकडे पडली आणि पाय जमिनीवर यायच्या आत समोरच्याची त्सुकी, म्हणजे ठोसा, छातीवर बसली. दमसास कमी पडला हे कारण यात कुठेच नसतं. तरी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये काय होतं, तर मैदानाला दहा फेऱ्या आणि हवेत दोनशे किक.

हा लेख त्या दोन चित्रांवरच्या इलाजाचा आहे. डोळ्यासमोर 14 ते 17 वयाचा, किमान दोन-तीन वर्षं कराटे केलेला, आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी शाळेच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये येणारा खेळाडू आहे. काताची, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची, तयारी हा वेगळा विषय, तो इथे नाही. आणि एक भाषेची अडचण आधीच मिटवू: मराठीत ‘पंच’ म्हणजे निर्णय देणारा आणि इंग्रजीत ‘पंच’ म्हणजे ठोसा, त्यामुळे क्लासमध्ये रोज गोंधळ होतो. इथे ठोशाला त्सुकी म्हटलं आहे, पंच म्हणजे फक्त पंच.

आधी नियमावली, मग घाम

स्पर्धेचं पत्रक हातात आलं की पहिला प्रश्न: नियम कुठले? जागतिक कराटे महासंघाच्या, म्हणजे डब्ल्यूकेएफच्या नियमांनी खेळवणार, की एका संघटनेच्या शोबु इप्पोन (एका पूर्ण गुणावर निकाल) किंवा शोबु सानबोन (तीन पूर्ण गुणांवर निकाल) पद्धतीने? एका इप्पोनवर संपणाऱ्या फाईटची तयारी आणि दोन मिनिटं पॉइंट जमवायच्या फाईटची तयारी एकसारखी नसते. शालेय स्पर्धांचे वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. डब्ल्यूकेएफचा कॅडेट म्हणजे 14-15 आणि ज्युनिअर म्हणजे 16-17. शालेय स्पर्धांचे वजनगटही वेगळे असतात. पत्रक न वाचता ‘मागच्या वर्षीसारखंच असेल’ म्हणून नाव भरलं की चुकीच्या गटात मूल जातं, आणि वजनकाट्यासमोर वाद घालून काही होत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून हंगाम सुरू होताना ताजी प्रत उतरवून घ्या आणि मोठ्या मुलांनाही वाचायला लावा.

डब्ल्यूकेएफचं गणित असं. त्सुकी किंवा उची (हाताचा फटका), पोटा-छातीवर असो वा चेहऱ्यावर, युको, 1 गुण. पोटा-छातीवर किक, वाझा-आरी, 2 गुण. डोक्यावर किक, किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर केलेलं गुणपात्र तंत्र, इप्पोन, 3 गुण. 8 गुणांची आघाडी झाली की फाईट तिथेच संपते. कॅडेट आणि ज्युनिअरची फाईट 2 मिनिटांची, सीनिअरची 3. पहिला गुण एकतर्फी घेतला तर सेन्शु मिळतो आणि बरोबरीत तो निर्णायक ठरतो. म्हणजे पहिल्या युकोची खरी किंमत एका गुणाहून जास्त आहे. शेवटच्या 15 सेकंदांत लढणं टाळलं तर सेन्शु जातो, म्हणून ‘पुढे आहेस, आता पळ’ हा प्रशिक्षकाच्या खुर्चीतून दिलेला सल्ला घातक.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत नसते. चार कोपऱ्यांत चार पंच बसतात आणि गुणासाठी त्यांतल्या किमान दोघांनी एकाच बाजूचा इशारा द्यावा लागतो. तुमची ग्याकु-त्सुकी (मागच्या हाताची त्सुकी) अगदी बरोबर बसली, पण तुमच्याच पाठीमुळे दोघांना ती दिसली नाही आणि तिसरा खात्रीने सांगू शकत नाही, तर गुण नाही. म्हणून हात लगेच मागे ओढणं, मारल्यावर नजर समोर ठेवणं आणि थोडं कोनातून बाहेर पडणं ही शोभा नाही. ती पंचांना दिलेली पावती आहे. मारून पाठ फिरवणारा किंवा मूठ उंचावून नाचणारा खेळाडू स्वतःचाच गुण घालवतो, कारण झानशिन, म्हणजे मारल्यानंतरची सावधानता, हाही गुणाचा निकष आहे.

हॉल आणि मॅट

स्पर्धेचा चौक 8 मीटर बाय 8 मीटर, भोवती 1 मीटरचा सुरक्षित पट्टा. एक मीटरच्या कोडी-मॅट (एकमेकींत अडकवायच्या चौकोनी मॅट) म्हटल्या तर आतला चौक 64, पट्ट्यासह 100. एवढ्या मॅट फार थोड्या क्लासकडे असतात. 25 मॅट असतील तर 5 बाय 5 चा पूर्ण चौक करण्यापेक्षा एक कोपरा तयार करा: दोन बाजूंना लाल टेप लावा आणि मुलांना त्या कोपऱ्यातून सुटायला शिकवा. जोगाई, म्हणजे रेषेबाहेर पाऊल, कोपऱ्यातच होते. मॅटच्या मध्यापासून दोन्हीकडे एकेक मीटरवर उलटी ठेवलेली लाल मॅट असते. ती सुरुवातीची जागा टेपने दाखवून ठेवली की ‘हाजिमे’ (सुरू करा) म्हटल्यावर समोरचा किती लांब दिसतो याची डोळ्याला सवय होते.

नुसत्या सिमेंटवर उड्या मारत कुमिते करू नका. नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं आणि टाचेचं दुखणं त्यातून सुरू होतं, आणि मूल नकळत उडी कमी करून जडपणे उभं राहायला शिकतं. मॅट नसतील त्या दिवशी पायांचं काम चालत, सरकत करा. पावसाळ्यात हॉलची फरशी आणि मॅट दोन्ही घामट होतात, तेव्हा दर दोन राऊंडनंतर कोरड्या फडक्याने पुसणं हे एका मुलाचं ठरलेलं काम असू द्या. मॅटचे जोड उघडे राहिले की अंगठा त्यात अडकतो, तोही तोच मुलगा बघेल.

अंतर टेपने मोजा

प्रशिक्षक ‘अंतर ठेव, अंतर ठेव’ ओरडतात, पण किती, ते कुणी सांगत नाही. शिंप्याची टेप आणि खडू आणा. दोन खेळाडू समोरासमोर उभे करा, दोघांच्या पुढच्या पायाच्या अंगठ्यांमधलं अंतर मोजा. हल्ला करणारा ग्याकु-त्सुकी मारेल आणि मूठ समोरच्याच्या चेस्ट गार्डला हलकी टेकली पाहिजे. पुढे झुकून नाही, तोल राखून. टेकली की पुन्हा उभं करून 5 सेंटीमीटर मागे सरकवा. जिथे तीनपैकी एकदाही नीट टेकत नाही त्याच्या आधीचा आकडा हा त्याचा ग्याकु-त्सुकीचा टप्पा. समजा 75 आला. तसाच किझामी-त्सुकीचा (पुढच्या हाताची त्सुकी) आणि पुढच्या पायाच्या मावाशी-गेरीचा (बाजूने गोल फिरवून मारलेली किक) काढा. हे तीन आकडे प्रत्येकाच्या नावासमोर वहीत लिहा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. या वयात पाय एका उन्हाळ्यात लांबतात, आणि मुलाचा जुना अंदाज तसाच राहतो.

आता त्याला कळतं की 75 च्या आत उभं राहून विचार करायचा नाही. आत असाल तर मारा, पकडून बंद करा किंवा बाहेर या. समोरचाही तेवढाच उंच असेल तर त्याचा टप्पा साधारण तोच, म्हणून थांबायची जागा 75 अधिक एक वीत. आणि समोरचा स्वतः पुढे झेपावत असेल तेव्हा हिशेब बदलतो: तो अर्धं अंतर तुमच्यासाठी कापतोय, म्हणजे 110 वरून सोडलेली त्सुकीही बसते. देआई, समोरच्याच्या हल्ल्यातच घुसून मारणं, यात गूढ काही नाही, हा साधा हिशेब आहे.

यावर तीन सराव पुरतात.

पहिला, आरसा. एक पुढे-मागे-बाजूला हलेल, दुसरा ठरलेलं अंतर राखेल. 30 सेकंद. प्रशिक्षक मध्येच टाळी वाजवतो, दोघं थिजतात, टेप लावायची. 15 सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर राऊंड पुन्हा. पहिल्या आठवड्यात मुलं हसतात, तिसऱ्या आठवड्यात न मोजता आकडा सांगू लागतात.

दुसरा, रेघ. बचाव करणाऱ्यासमोर, त्याच्या टप्प्यावर, खडूची रेघ. हल्ला करणाऱ्याचा पुढचा पाय रेघेवर पडला की त्याच क्षणी ग्याकु-त्सुकी. आधी हल्ला एकच, ठरलेला: किझामी. आठवडाभराने दोनपैकी कुठलाही: किझामी किंवा मावाशी. मग फसवा पाय: रेघेपर्यंत येऊन परत. फसव्या पायाला उत्तर दिलं तर पाच बर्पी, खऱ्या हल्ल्याला उत्तर दिलं नाही तरी पाच.

हा सराव नेमका एका ठिकाणी वाया जातो. हल्ला करणारा जोडीदार मनापासून मारत नाही. त्याला माहीत असतं की समोरून त्सुकी येणार, म्हणून तो वीतभर अलीकडेच थांबतो, हात अर्धा सोडतो. बचाव करणारा मग खोट्या हल्ल्याच्या वेळेवर तरबेज होतो, आणि स्पर्धेत खरा हल्ला आला की उशिरा पडतो. उपाय सोपा आणि सक्तीचा: हल्ला करणाऱ्याची मूठ चेस्ट गार्डला लागायलाच हवी, उत्तर मिळालं तरच ती अडायची. लागण्याच्या इराद्याने आली नसेल तर समोरच्याचं उत्तर कितीही सुंदर असो, मोजायचं नाही. चांगला हल्ला देणं हे कौशल्य आहे. क्लासमधला सगळ्यात चांगला ‘देणारा’ कोण, हे मुलांना माहीत असलं पाहिजे, त्याचं कौतुक सगळ्यांसमोर करा.

तिसरा, बाहेर पडणं. मारल्यानंतर एका सेकंदात तीनपैकी एक: सरळ मागे टप्प्याबाहेर, बाजूला कोनातून, किंवा जवळ जाऊन समोरच्याचे हात बंद. ‘यामे’ (थांबा) ऐकू येईपर्यंत फाईट चालू असते, आपल्याला वाटलं म्हणून गुण पडलेला नसतो. प्रशिक्षकाने दर चौथ्या-पाचव्या वेळी मुद्दाम ‘यामे’ म्हणू नये आणि जोडीदाराला लगेच उलट मारायला सांगावं. हात खाली सोडून उभं राहायची खोड दोन आठवड्यांत जाते.

ग्याकु-त्सुकी जवळून

मोबाईल कमरेच्या उंचीवर, खेळाडूपासून तीन मीटर बाजूला, स्लो मोशनवर, 240 फ्रेम असतील तर उत्तम. दहा वेळा मारायला सांगा आणि मूठ हलायच्या आधीचा तुकडा बघा. बरीचशी मुलं मारण्याआधी काहीतरी सांगून टाकतात: मागचा हात दोन बोटं खाली जातो, खांदा कानाकडे उचलला जातो, पुढच्या पायाची बोटं वर येतात, किंवा ओठ दाबले जातात. समोरचा सराईत असेल तर त्याला एवढं पुरतं.

खोड आहे की नाही हे व्हिडिओशिवायही कळतं. जोडीदार फोकस पॅड धरेल आणि त्सुकी सुरू होताना दिसली की पॅड झटकन बाजूला करेल. पॅड जवळपास दरवेळी वाचत असेल तर खोड आहे. एका वेळी एकच दुरुस्त करा. खांदा उचलला जात असेल तर मागच्या हाताच्या काखेत टेनिस बॉल द्या. हात सरळ होताना बॉल पडला पाहिजे, त्याआधी नाही. हात खाली जात असेल तर मागची मूठ बरगडीला टेकवून उभं करा आणि तिथूनच सरळ सोडायला लावा, भिंतीला पाठ लावून, म्हणजे कोपर मागे जाऊच शकत नाही.

ताकद मागच्या पायातून येते, पण हालचाल सुरू होते पुढच्या गुडघ्यापासून. पुढचा गुडघा खाली-पुढे सैल सोडायचा, शरीर आपोआप पडायला लागतं, मग मागचा पाय ढकलतो. मागच्या पायाने सुरुवात केली की आधी डोकं वर जातं, आणि वर गेलेलं डोकं म्हणजे दवंडी. शेवटी मागचा पाय ओढून आत आणला नाही तर खेळाडू लांबलचक स्टान्समध्ये अडकतो आणि डोक्यावर किक खातो.

किझामीत क्रम उलटा: हात आधी निघतो, पाय त्याच्या मागून, आणि मूठ पोचते तेव्हा पाय नुकताच टेकत असतो. आधी पाय टाकून मग मारणाऱ्याला वेग कधीच येत नाही, कितीही जोर काढला तरी. डोक्यावरच्या मावाशी-गेरीत गुडघा सरळ वर, माए-गेरीसारखाच (सरळ समोर मारलेली किक), म्हणजे समोरच्याला कुठली किक ते शेवटपर्यंत कळत नाही. उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. ती न वळता कंबर फिरवली की सगळा पीळ गुडघ्यात जातो आणि तक्रार तिथेच सुरू होते.

बाउन्स हा एक वेगळाच रोग आहे. मुलं टीव्हीवर बघून उंच उड्या मारतात, तेही एका तालात. दोन-तीन सेंटीमीटर पुरे. ताल मोडता आला पाहिजे, कारण माणूस वर असताना त्याला कुठेही जाता येत नाही. हुशार प्रतिस्पर्धी तोच क्षण धरतो. सरावात टाळ्यांचा ताल मुद्दाम बिघडवा.

दम

दोन मिनिटांच्या फाईटमध्ये स्फोट एक ते तीन सेकंदांचे असतात, मध्ये हलणं आणि ‘यामे’नंतरचा विसावा. तासभर संथ धावणं याला फारसं लागू पडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला आठवड्यातून दोनदा 25 ते 30 मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने धावणं पुरे. ते दिवसभरात पाच फाईट झेपाव्यात म्हणून. मग खरं काम: 6 सेकंद पूर्ण जोराने पॅडवर, 24 सेकंद हलणं, असं 8 वेळा, 3 मिनिटं विश्रांती, पुन्हा 8. पहिल्या आणि आठव्या वेळी वेग तोच हवा. पाचव्यापासून हात मंदावत असेल तर विश्रांती वाढवा, वेळा वाढवू नका. मंद त्सुकी शंभर वेळा मारून मंद त्सुकीच पक्की होते.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन वेळा 40 मिनिटं. स्क्वॉट, एका पायाचा स्प्लिट स्क्वॉट, पुल-अप किंवा रोइंग, मेडिसिन बॉल कंबरेतून फेकणं. दोन गोष्टी मात्र चुकवू नका: मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यावर बसून हळूहळू पुढे पडणं, जोडीदाराने घोटे धरून, 3 गुणिले 5; आणि जांघेच्या आतल्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून वरचा पाय बाकावर ठेवून शरीर उचलणं, 3 गुणिले 8. अचानक लांब झेप आणि उंच किक यांनी जांघ हीच सगळ्यात आधी जाते. मुलींमध्ये उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो का ते बघा. वळत असेल तर उंच उड्या थांबवून उतरणं शिकवा.

दहा आठवडे

पहिले चार आठवडे: आठवड्यात पाच सत्रं, त्यातली दोन अंतराची, एक तंत्राचं व्हिडिओसह, दोन ताकद आणि दम. मोकळी फाईट आठवड्यात एकदाच, आणि तीही अटीची: फक्त पुढचा हात, किंवा एकजण फक्त बचावावर.

पाचवा ते सातवा: परिस्थितीच्या फाईट. शेवटची 30 सेकंद, तू 1 ने मागे. शेवटची 15, तू सेन्शुवर पुढे आणि कोपऱ्यात. सुरुवातीलाच 0-3. प्रत्येक 30 सेकंदांची, लगेच अदलाबदल. दोन मोठ्या मुलांना कोपऱ्यात पंच म्हणून बसवा, झेंडे नसतील तर लाल-निळे रुमाल चालतील. पंचाच्या जागी बसलेला खेळाडू दोन आठवड्यांत जे शिकतो ते सांगून कळत नाही: काय दिसतं आणि काय दिसत नाही.

आठवा आणि नववा: पूर्ण फाईट, दुसऱ्या क्लासच्या मुलांशी. आपल्याच क्लासमधल्या सहा जणांशी वर्षभर खेळलेल्याला सहाच प्रकारचे हल्ले माहीत असतात. शेजारच्या तालुक्यातल्या क्लासला बोलवा, डावखुरे आणि उंच मुलं मागून घ्या. एका दिवसात 4 ते 5 फाईट, मध्ये 20 ते 40 मिनिटांची अनिश्चित विश्रांती, अगदी स्पर्धेसारखी.

दहावा: काम निम्मं, वेग पूर्ण. शेवटचा जोराचा सराव स्पर्धेच्या चार दिवस आधी. या आठवड्यात पालक आणि मुलं दोघंही घाबरून ‘आणखी थोडं’ मागतात. देऊ नका.

वजन

वाढत्या मुलाचं वजन उतरवू नका. गट हा त्याच्या नेहमीच्या वजनावरून निवडा: दहा आठवडे आधीपासून दर रविवारी सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर. गटाच्या वर अर्धा-पाऊण किलो असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत फरसाण, बिस्किटं, कोल्ड्रिंक बंद केल्यावर बहुधा ते आपोआप बसतं. दोन किलो वर असेल तर वरच्या गटात खेळवा. रेनकोट घालून धावणं, पाणी तोडणं, थुंकत राहणं हे प्रकार मुलाला चक्कर आणतात, आणि कोरड्या पडलेल्या शरीराला डोक्यावरचा मार जास्त बाधतो. मुलींचं वजन बाई प्रशिक्षक किंवा पालकांच्या समोर, वेगळ्या खोलीतच.

स्पर्धेचा दिवस

पिशवी आदल्या रात्री: लाल आणि निळा असे दोन्ही बेल्ट, दोन्ही रंगांचे मिट्स, शिन आणि फूट गार्ड, गमशील्ड, बॉडी प्रोटेक्टर, मुलींसाठी चेस्ट गार्ड, त्या गटाला लागू असेल तर फेस मास्क. नखं कापलेली, केसांना साधं रबर, धातूची पिन नाही. चष्मा चालत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण त्या स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायच्या नसतात. दातांना तारा असतील तर पंच आणि डॉक्टरांना आधीच दाखवा, ऐन मॅटवर नाही. गमशील्ड महिनाभर आधी उकळत्या पाण्यात मऊ करून दातांवर बसवून घ्या. नवं कोरं घेऊन उतरलेली मुलं दर ‘यामे’ला ते काढून हातात धरतात.

खाणं घरचं. फाईटच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा पोळी-भाजी, मध्ये केळं, राजगिरा लाडू, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. हॉलबाहेरच्या गाडीवरची मिसळ संध्याकाळी, पदक असो वा नसो. अंग गरम करायला 20 मिनिटं: 5 मिनिटं हलकं धावणं, 5 हलते ताण, 5 पॅडवर वेगात, आणि शेवटची 5 जोडीदारासोबत आरसा. पुकारा लांबला तर दर 15 मिनिटांनी दोन मिनिटं उठवा.

पहिली फाईट हरली म्हणून गी (कराटेचा पोशाख) उतरवून जेवायला बसू देऊ नका. ज्याच्याकडून हरला तो अंतिम फेरीत पोचला तर रेपेशाजमधून, म्हणजे हरलेल्यांच्या दुसऱ्या संधीच्या फेरीतून, कांस्यपदकाची वाट उघडते. ती संधी पार्किंगमध्ये वडापाव खाताना गेलेली मुलं दर स्पर्धेत दिसतात.

खुर्चीत बसल्यावर तीन शब्द पुरे, तेही आधी ठरलेले. ‘अंतर’ म्हणजे टप्प्याबाहेर ये. ‘दे’ म्हणजे तो झेपावतोय, घुसून मार. ‘रेघ’ म्हणजे मागे सीमारेषा आहे. फाईट चालू असताना मुलाला वाक्य ऐकू येत नाही, ओळखीचा शब्द येतो. पालकांना गॅलरीतून ‘किक मार’ ओरडायचं नाही हेही आधीच सांगा. दंडाची चढण लक्षात ठेवा: चुई (ताकीद) तीनदा, मग हान्सोकु-चुई (शेवटची ताकीद), मग हान्सोकु म्हणजे फाईट गेली. दोन चुई झालेल्या खेळाडूला चेहऱ्यावरच्या त्सुकीऐवजी पोटावर खेळायला लावा.

पडल्यावर किंवा मार बसून खाली गेल्यावर खेळाडू 10 सेकंदांत पायावर उभा राहिला नाही तर तो त्या स्पर्धेतल्या सगळ्या कुमितेतून बाद होतो. हा नियम त्याच्या भल्यासाठी आहे, त्याला उठवून उभं करू नका. डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, तोच प्रश्न परत विचारू लागलं, मळमळलं, किंवा उजेड खुपतो म्हणालं तर त्या दिवसाचा खेळ संपला. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर थेट रुग्णालय. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच परत, आधी चालणं-धावणं, मग पॅड, मग स्पर्श नसलेली जोडी, सगळ्यात शेवटी फाईट. लक्षणं परतली तर एक पायरी मागे.

घरी आल्यावर वही. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर चार रकाने: कितवं सेकंद, अंतर किती वाटलं, कुठलं तंत्र लागलं, मॅटवर कुठे उभा होता. मिळालेल्या गुणांचंही तसंच. तीन-चार स्पर्धांनंतर रकाने बोलायला लागतात: याचे गुण पहिल्या 20 सेकंदांत जातात, तिचे डाव्या कोपऱ्यात. सोमवारी फक्त चालणं आणि ताणणं, मंगळवारी टेप काढायची आणि पुन्हा एकदा तीन आकडे मोजायचे.